अकरा दहाचा उंचवटा

ती आली त्याच दिवशी मी तिचं नाव दवंडी ठेवलं. तोंडावर नाही, मनात. पण मनातलं नाव लॅबभर व्हायला आमच्याकडे आठवडा लागत नाही. नवी संशोधक, तिशीची, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये तिने सांगून टाकलं की तिची प्रयोगाची वही इंटरनेटवर उघडी असेल. रोज संध्याकाळी पाच वाजता त्या दिवसाचं सगळं, जमलेलं आणि फसलेलं, ब्लॉगवर. शिष्यवृत्ती देणाऱ्यांची तशी अटच होती म्हणे. सर हसले आणि म्हणाले, बरं. अट नसती तर त्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं असतं, हे तिला सोडून सगळ्यांना कळलं.

मला ती आवडली नाही आणि मी ते लपवलंही नाही. सव्वीस वर्षं मी या लॅबची टेक्निशियन. धान्यात होणारे किडे आम्ही पाळतो. बाकीचं जग त्यांना उन्हात टाकून मारतं, आम्ही बरण्यांमध्ये लाडाने वाढवतो आणि मग मारतो. बरण्या धुणं, ट्रे भरणं, प्रत्येकी शंभर अंडी भिंगाखाली मोजून ठेवणं, चिठ्ठ्या लावणं, हे सगळं माझ्या हातचं. माझ्या हातून बरणी फुटली असेल, पण चिठ्ठी चुकीच्या ट्रेवर कधी लागली नाही. एकदा एका विद्यार्थ्याने औषध लावलेल्या अंड्यांचे आणि साधे ट्रे एकत्र करून ठेवले, तेव्हापासून मी नियमच केला: औषधाचे वरच्या कप्प्यात, साधे खालच्या. तो नियम कोणी मोडला तर मी त्याला दिवसभर पाण्यात बघायची.

सरांचं नाव झालं ते सहा वर्षांपूर्वी. एका रानटी झुडपाच्या पाल्याचा अर्क अंड्यांना लावला की शंभरातली ऐंशी अंडी उबतच नाहीत, असं त्यांनी दाखवलं. मोठ्या जर्नलमध्ये पेपर आला, सरांचे फोटो आले, लॅबचा एक मजला वाढला. पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार’. कोणाचे आभार ते नव्हतं. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी घरी सांगायची.

पण इतर कुठल्याच लॅबला तो निकाल मिळेना. सर म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. लांबच्या एका विद्यापीठात एक मुलगी याच अर्कावर पीएचडी करत होती. चार वर्षं झाली, तिची अंडी दरवेळी उबायची. तिने सरांना सविस्तर मेल लिहून विचारलं होतं की माझं काय चुकतंय. सरांनी आपलं उत्तर चहाच्या वेळी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती, ‘आधी बरण्या धुवायला शिका.’ आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त हसले, कारण बरण्या माझ्या होत्या.

तर या अशा घरात दवंडी आली. आल्या आल्या तिने काडेपेटीएवढा एक सेन्सर आणला आणि इन्क्युबेटरच्या वरच्या कप्प्यात मागच्या बाजूला चिकटवला. इन्क्युबेटर म्हणजे आमचं उबेचं कपाट, दिवसरात्र तीस अंशांवर. मी म्हटलं, कपाटाला स्वतःचा थर्मामीटर आहे, तो खालच्या कप्प्यात सव्वीस वर्षं तीसच दाखवतोय. ती म्हणाली, असू दे ना, हा दर मिनिटाला आपोआप ब्लॉगवर आकडा टाकतो. घरात पाहुणा यावा आणि त्याने भांड्यांच्या फळीवरून बोट फिरवून बघावं, तसं मला झालं. ट्रे कसे ठेवतो, अंडी कशी मोजतो, मी काय म्हणते, तेही तिने लिहिलं. ‘टेक्निशियन बाईंचा कडक नियम: अर्काचे वर, साधे खाली.’ पुढे हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्यामुळे मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही.

आठेक महिन्यांनी माझ्या नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. वन्सं आमच्याकडेच असतात. लग्न केलं नाही, तीस वर्षं एका ऑफिसात हजेरीपट सांभाळला, आता आमची हजेरी घेतात. मी नऊ दिवसांची रजा टाकली. त्या नऊ दिवसांत दवंडीने स्वतः ट्रे लावले, आणि तिची अर्काची अंडी साध्यांसारखीच सगळी उबली. तिने पाच वाजता तेही टाकलं. ‘आज अर्क फसला. कारण माहीत नाही.’

मी कामावर परत आले तो दिवस मला लख्ख आठवतो. सरांच्या केबिनचं दार बंद होतं आणि तरी आवाज माझ्या सिंकपर्यंत येत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे त्यांनी तिला निदान तीन वेळा सांगितलं. ती नोंद काढून टाक म्हणाले. ती म्हणाली, काढता येत नाही, वही आहे ती. बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मी पाणी सोडलं आणि बरण्या घासायला घेतल्या. मला, खरं सांगते, बरं वाटलं.

त्या नोंदीखालीच दोन दिवसांनी एक कमेंट आली. लिहिणारीने स्वतःचं नाव ‘नापास’ ठेवलं होतं. तीच ती, चार वर्षंवाली. तिने सेन्सरचे आठ महिन्यांचे आकडे उतरवून घेऊन ग्राफ काढला होता, आणि प्रश्न एकच होता: ‘तुमच्या वरच्या कप्प्यात रोज अकरा दहाला काय होतं?’

ग्राफची रेघ तीस अंशांवर चालायची, आणि अकरा दहाला चढायला लागायची. त्रेचाळीसपर्यंत. तासभर तिथे राहायची आणि मग उतरायची. रोजचा एक उंचवटा, रविवार सोडून.

मग काय, माशा बसाव्यात तसे लोक बसले. कोणी लिहिलं, अंडी अर्काने मरतात की उकडून. कोणी लिहिलं, हे सहा वर्षं आम्हाला स्वच्छता शिकवत होते. एकाने सरांच्या पुरस्काराचा फोटो टाकून खाली नुसतं त्रेचाळीस लिहिलं. सरांनी मीटिंग घेतली. स्वस्तातली काडेपेटी आहे, बिघडली आहे, कपाटाचा थर्मामीटर तीसच दाखवतो, विषय संपला. माझ्याकडे वळून विचारलं, आपण अकरा दहाला काही करतो का. मी म्हटलं, काही नाही, नेहमीचंच काम. आणि मला ते खरंच वाटत होतं. मीटिंगनंतर मी दवंडीला विचारलं, तू आठ महिने हा आकडा जगाला दाखवत होतीस, तुला दिसला नाही? ती म्हणाली, “मी रोज टाकत होते. रोज बघत नव्हते.” एवढं एक वाक्य ती प्रामाणिक बोलली म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

त्या संध्याकाळी मी घरी कांदा चिरता चिरता या सगळ्यावर यथेच्छ तोंडसुख घेत होते. वन्सं पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. हातात फोन. त्या ब्लॉग वाचायच्या हे मला माहीत नव्हतं. म्हणाल्या, दिवसभर गुडघ्याकडे किती बघू. ग्राफ मोठा करून त्या बोटाने एकेक उंचवटा मोजत होत्या, ओठ हलवत, पूर्वी हजेरीपट तपासताना हलवत असणार तसे.

“हा रविवार,” त्या म्हणाल्या. “हा रविवार. ही सार्वजनिक सुट्टी. या दिवशी उंचवटा दुपारी बाराला आलाय, त्या दिवशी तुझी बस बंद पडली होती. आणि हे नऊ दिवस कोरे.”

मी सुरी थांबवली.

“माझ्या गुडघ्याचे आहेत ते नऊ दिवस. वहिनी, ही तर तुझी हजेरी आहे.”

मी त्यांना काहीतरी तुटक बोलले, तुम्हाला काय कळतं त्यातलं, असं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फोन उपडा ठेवला आणि कांदा चिरायला घेतला. मी मात्र रागाने फणफणत होते, त्यांच्यावर, दवंडीवर, त्या नापासवर. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हीच यांची विद्या, असं म्हणत राहिले. म्हणतानाच मला आठवत होतं की रोज अकरा दहाला मी काय करते.

सहा वर्षांपूर्वी बरण्या वाळवायचा ओव्हन जळाला. नव्याचा अर्ज मी केला, मग परत केला, मग दरवर्षी केला. बरण्या तर दुपारच्या आत कोरड्या लागायच्या. म्हणून मी त्या पुसून इन्क्युबेटरच्या वरच्या कप्प्यात ठेवायला लागले, मागच्या जाळीला टेकवून, कारण तिथून गरम वारा येतो. सकाळी धुणं अकराला संपतं. अकरा दहाला बरण्या आत. साडेबाराच्या आत बाहेर.

दुसऱ्या दिवशी मी काचेचा जुना थर्मामीटर वर ठेवला आणि नेहमीसारख्या बरण्या लावल्या. जाळी झाकली गेली की गरम वारा खाली उतरत नाही, वरच्या वर घुटमळतो. त्रेचाळीस. खाली तीस. काडेपेटी ठणठणीत होती.

तरी मी हट्ट सोडला नाही. उष्णता असली म्हणून काय झालं, अर्कही मारत असेलच की. माझ्या स्वतःच्या साठ्यातली अंडी घेतली, दोन ट्रे केले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझाच नियम मोडला. साधी अंडी वर, अर्काची खाली, बरण्या नेहमीच्या जागी. कोणाला सांगितलं नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे प्रयोग केले, हा माझा पहिला. सहा दिवसांनी वरचा ट्रे भिंगाखाली घेतला. सत्त्याऐंशी अंडी मेलेली, अर्काचा थेंबही न लागता. खालच्या ट्रेमध्ये अर्कात न्हालेल्या अळ्या मजेत वळवळत होत्या. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, इतकंच मला त्या वेळी सुचलं.

मी आधी सरांकडे गेले. दवंडीकडे नाही, हे मुद्दाम सांगते. ज्याचं मीठ खाल्लं त्याला आधी सांगायचं, एवढं मला कळतं. सरांनी दोन्ही ट्रे पाहिले. मला त्यांची दया आली. मला वाटलं, हा माणूस आता खाली बसेल आणि डोकं धरेल, आणि मी पाणी आणून देईन. ते फक्त म्हणाले, उद्या या.

दुसऱ्या दिवशी टेबलावर छापलेला कागद होता. मला वाचायला दिला. लॅबच्या वतीने खुलासा. त्यात लिहिलं होतं की चालू वर्षात एका टेक्निशियनने सूचनांचं उल्लंघन करून इन्क्युबेटरमध्ये ओल्या बरण्या ठेवायला सुरुवात केल्यामुळे या वर्षीचे निकाल बाद धरावेत. आधीच्या पाच वर्षांच्या निकालांना बाधा येत नाही.

मी म्हटलं, या वर्षी नाही, सहा वर्षं. सर म्हणाले, तुम्हाला नक्की आठवत नसेल. मी म्हटलं, माझ्या धुण्याच्या वह्या आहेत, रोजची वेळ लिहिलेली आहे. ते म्हणाले, त्या ऑफिसात जमा करा. मग आवाज मऊ करून म्हणाले की माझी नोकरी अकरा महिने उरली आहे, कोणी मला हात लावणार नाही, पेन्शनला धक्का नाही, त्यांनी सगळं बोलून ठेवलंय.

“आणि तुमचं नाव कुठे घातलंय मी? नुसतं टेक्निशियन लिहिलंय. कोण विचारतंय टेक्निशियनला.”

ते मला धीर द्यायला म्हणाले. ते जास्त लागलं. सूचनांचं उल्लंघन. सहा वर्षं ओव्हनच्या अर्जावर ‘पुढच्या वर्षी पाहू’ लिहून सही करणारा हात हाच. चुकीच्या जागी चिठ्ठी लावणाऱ्या विद्यार्थ्याशी मी दिवसभर बोलत नसे, आणि इथे माझ्यावरच खोटी चिठ्ठी लावली जात होती. मी कागद घडी न करता टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

वह्या सिंकखालच्या कप्प्यात होत्या. सहा. प्रत्येक पानावर माझं अक्षर: बरण्या चोवीस, धुतल्या, आत अकरा दहा, बाहेर बारा पंचवीस. त्या उचलल्या आणि ऑफिसच्या ऐवजी दवंडीच्या टेबलावर आदळल्या.

तिने दोन पानं वाचली आणि लगेच तोंड उघडलं. हे किती मोठं आहे तुम्हाला कळतंय का, वगैरे. मी म्हटलं, मला कळतंय, तू गप्प बस. तिला सगळं सांगितलं, ट्रे दाखवले, खुलाशाचा कागद कसा आहे तेही सांगितलं. ती म्हणाली की तुमचं नाव येऊ देणार नाही, मी तुम्हाला सांभाळून घेते, ‘एका सहकाऱ्याने’ असं लिहिते. मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दोघांनाही मला झाकायचंच होतं. एकाला त्याच्या सोयीसाठी, दुसरीला स्वतःच्या चांगुलपणासाठी.

“नाव लिही,” मी म्हटलं. “पूर्ण. मी सांगते तसं लिही, एक शब्द बदलायचा नाही. आणि खाली तुझंही लिही. आठ महिने तू माझा नियम जगाला हसून सांगितलास. वर का आणि खाली का, हे एकदा तरी विचारलंस?”

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, नाही. म्हटलं, मग तेच लिही. तिने लिहिलं. हसरा चेहरा घातला नाही.

पाच वाजता ते गेलं. बरण्या मी ठेवत होते, सहा वर्षं, रोज. ओव्हनचे सहा अर्ज या तारखांना केले. कपाटात ट्रेंच्या जागा कधीच बदलल्या नाहीत, तो नियम माझा. उलटा प्रयोग करून पाहिला, निकाल हा. खाली सहाही वह्यांच्या पानांचे फोटो. सगळ्यात वर माझं नाव, माहेरचं नाही, सासरचं, पूर्ण. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव कुठे छापून आलं, आणि ते माझ्या चुकीवर. स्क्रीनवरची ती खिडकी बंद होईपर्यंत मी दवंडीच्या खुर्चीमागे उभी होते.

कमेंट्स आल्या त्या सगळ्या गोड नव्हत्या. हिला काढून टाका, असंही होतं. अशिक्षित बाईच्या भरवशावर लॅब चालवतात, असंही. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, हे मी दवंडीला लिहू दिलं नाही. सरांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. काम असलं की चिठ्ठी पाठवतात. दवंडीशी माझं अजूनही पटत नाही. ती मला आता ताई म्हणते, मी ऐकू न आल्यासारखं करते.

नापासचं उत्तर त्याच रात्री आलं. वन्संनीच वाचून दाखवलं, मला चष्मा सापडत नव्हता म्हणून. ‘चार वर्षं मी बरण्या धूत होते. दिवसातून तीनदा धूत होते. माझे हात फुटले. तुम्हाला माफ करायला मला जमणार नाही. पण तुमच्याकडून नाव तरी आलं, त्यांच्याकडून तेही आलं नाही.’ वन्संनी फोन खाली ठेवला आणि विचारलं, काय लिहू. मी म्हटलं, काही लिहू नका. ती हसणारी चहाची दुपार मला आठवत होती आणि तिच्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं धुणं अकराला संपलं. चोवीस बरण्या पुसून झाल्या, ट्रॉलीवर मांडल्या, आणि सवयीने मी ती इन्क्युबेटरपर्यंत नेली. दार उघडायला हात गेला. मग आठवलं. ओव्हन अजून आलेला नाही. बरण्या ठेवायला जागा कुठेच नव्हती, म्हणून मी त्या टेबलावर उपड्या केल्या आणि शेजारी स्टुलावर बसून राहिले.

बाराच्या सुमाराला घरून फोन आला. वन्सं म्हणाल्या, आज अकरा दहाला रेघ सरळ गेली, तू कामावर आहेस ना. मी म्हटलं, हो, आहे.